नवलबागेत एकटीच

मी परभणीला जाऊन आले आणि एकाही नातेवाइकाला कळवलं नाही. ज्यांचं माहेर मराठवाड्यात आहे त्यांना यातलं धाडस लगेच समजेल. परभणीत माझी आत्या आहे, चुलतभाऊ आहेत, आईच्या मैत्रिणी तर प्रत्येक गल्लीत आहेत. पुढे सेलूला मामांचं घर. यातल्या कुणाकडेही न उतरता स्टेशनसमोरच्या लॉजवर खोली घ्यायची, हे बातमी फुटली तर वर्षभर पुरेल असं प्रकरण होतं.

आणि कारण विचाराल, तर मला नवलबाग बघायची होती. एकटीनं.

नवलबाग म्हणजे पिंगळीच्या रस्त्याला, काळ्या रानाच्या मधोमध उभं राहिलेलं पाळण्यांचं गाव. इकडे तूर, तिकडे ज्वारी आणि मध्येच एक आकाशपाळणा. मोठ्या शहरातल्या लोकांनी बघितली तर नाक मुरडतील. माझी दोन्ही मुलं मुरडतातच. "मम्मी, तिथला रोलर कोस्टर आपल्या जिन्यापेक्षा बुटका आहे," असं मोठीचं मत. नवऱ्याचं म्हणणं, तीन दिवसांची रजा हाताशी आहे तर कोकणात जाऊ. मी म्हटलं, तुम्ही जा.

ही बाग सुरू झाली तेव्हा मी सहावीत होते. दिवाळीच्या सुट्टीत सेलूच्या मामी आम्हा सगळ्या मामे-मावस भावंडांना गोळा करून तिथं न्यायच्या. पुढे लग्न झालं, नाशिक झालं, पोरं झाली, त्यांनाही नेलं. पण दर वेळी कुणाला तरी भूक लागलेली, कुणाची चप्पल हरवलेली, कुणाला नेमकं पाळण्यात बसल्यावर शू आलेली. मला ती बाग एकदा नुसती माझी म्हणून हवी होती. मनात आलं तर एकाच पाळण्यात चार वेळा बसायचं, आणि कुणाला पाणी पाजायचं नाही.

बुधवार, परभणी

परभणीचं स्टेशन आलं की माझ्या तोंडातलं नाशिक आपोआप उतरतं. फलाटावर हमालानं विचारलं, "कुठं जायलाव ताई?" आणि मी म्हणाले, "हितंच, समोर." ते 'हितंच' ऐकून मलाच गुदगुल्या झाल्या. नाशिकात मी रिक्षा म्हणते, इथं पाय ठेवताक्षणी ॲटो म्हणायला लागते. रिक्षा म्हटलं की इथल्या जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे अजून सायकलरिक्षाच येते.

लॉजच्या मॅनेजरनं माझं आधारकार्ड उलटंसुलटं करून बघितलं.

"नाशिकच्या तुमी?"

"हो."

"बोलणं तर इकडलंच वाटायलंय."

"लहानपणी होते इथं."

"मंग नातेवाईक असतील की!"

"नाहीत," मी ठणकावून सांगितलं.

"एक बी न्हाई?" त्याच्या आवाजात इतकी कणव होती, की मी मेलेल्यांची नावं सांगायला सुरुवात करते की काय असं मला वाटलं. शेवटी त्यानं किल्ली दिली आणि न मागता गरम पाण्याची बादली वर पाठवली. बिन नातेवाइकांच्या बाईला एवढं तरी करावं, असं त्याला वाटलं असणार.

संध्याकाळी ओढणी डोक्यावरून घेऊन बाजारात गेले. गाड्यावर मिरचीभजी खाल्ली. भाजीवाल्यांच्या रांगेत पाठमोरी आत्या दिसली म्हणून एका भांड्यांच्या दुकानात शिरले. ती आत्या नव्हती. पण दुकानदारानं तोवर इतकी झाकणं दाखवली होती, की एक चहाची गाळणी घेऊनच बाहेर पडावं लागलं.

गुरुवार, नवलबाग

सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात सुशीला खाल्ला. चुरमुरे भिजवून कांदा-मिरचीवर परतलेला, वर शेंगदाण्याचं कूट, बाजूला लिंबाची फोड. नाशिकात मी हा करते तेव्हा लोक 'पोहे वेगळे झालेत' म्हणतात. मग पॅसेंजरनं पिंगळी आणि पिंगळी स्टेशनवरून ॲटो. ॲटोत बोरांची पाटी घेऊन बसलेल्या एका बाईनं माझ्या ओंजळीत बोरं घातली आणि विचारलं, "लेकरं कुठंयत?"

"घरी."

"मंग बागेत काय करताव तुमी?"

"पाळण्यात बसते."

तिनं ॲटोवाल्याकडे बघितलं, ॲटोवाल्यानं आरशातून माझ्याकडे. "बसा की," तो म्हणाला, "थंडीचं बरं असतंय."

बागेचं फाटक आलं आणि मी थबकले. हत्ती नव्हता! फाटकापाशी सिमेंटचा एक गुलाबी हत्ती असायचा, त्याच्या सोंडेवरून घसरगुंडी करत आम्ही आत जायचो. तिकीट नंतर, सोंड आधी. त्या जागी आता फायबरचा डायनासोर उभा होता. माणूस जवळ आलं की तो मान हलवायचा आणि गुरगुरायचा. मी पाच मिनिटं रुसून उभी राहिले. मग त्यानं मान वळवून नेमकी माझ्या तोंडावर आरोळी ठोकली, मी किंचाळले, मागच्या एका आजोबांच्या हातातला चहा सांडला आणि आमची मैत्री झाली. डायनासोरची आणि माझी. आजोबा नाराजच होते.

खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, "किती जण?"

"एक."

"मागून यायलेत का?"

"न्हाई. मी एकटीच."

तिनं मान बाहेर काढून माझ्या मागे बघितलं आणि मग मनगटाला कागदी पट्टी बांधली. पूर्वी रंगीत पुठ्ठ्याची तिकिटं मिळायची, प्रत्येक पाळण्याचा रंग निराळा. आता एकच पट्टी आणि दिवसभर काहीही. हा बदल ज्यानं केला त्याचं भलं होवो.

आत गेले आणि मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी पळाले. त्रेचाळीस वर्षांची, विमा कंपनीत काम करणारी, गुडघ्याला पट्टा लावणारी बाई, नव्या फरसबंदीवरून पर्स धरून पळाले. पेरूची बाग तोडून तिथं गाड्या लावायची जागा केली आहे, ते वाईट वाटलं. नावा चालायच्या ते तळं बुजवून तिथं फवाऱ्याखाली नाचायची, रेन डान्सची जागा झाली आहे, ते बघून पुन्हा पळाले. आरसेमहाल अजून आहे, पण जाड्या-बुटक्या आरशांच्या मध्ये दोन मोठे पंख लावलेत, त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढायचा. मी काढला. भूतबंगल्यातली भुतं मात्र तीच होती. एका हडळीचा हात निखळला होता आणि तो सुतळीनं बांधला होता. तिला बघून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

आणि मग मी नावेकडे वळले.

ही नाव म्हणजे मोठा झोका. दोन्ही टोकांना बाकं, माणसं एकमेकांकडे तोंड करून बसतात, आणि नाव मागेपुढे झुलत इतकी वर जाते की समोरची माणसं डोक्यावर येतील असं वाटतं. लहानपणी हीच माझी सगळ्यात लाडकी. तिथं आता नवा फलक होता: उंची इतकी हवी, पाठदुखी नको, साठ वर्षांवरील व्यक्तींना बसता येणार नाही. मी सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसले. दांडा खाली आला. नाव हलली.

पहिल्या झोक्यात मी डोळे मिटले. दुसऱ्यात उघडले. तिसऱ्या झोक्याला आमचं टोक खाली गेलं, समोरचं टोक वर चढलं, आणि तिथं, अगदी शेवटच्या बाकावर, हिरवं लुगड्यासारखं नेसलेलं सुती पातळ, कानाला मफलर, दोन्ही हात आभाळात आणि तोंड सताड उघडं, अशी एक बाई मला दिसली.

सेलूच्या मामी.

त्यांनीही मला त्याच क्षणी ओळखलं. हात तसेच वर राहिले, तोंडही तसंच उघडं राहिलं, फक्त ओरडणं थांबलं. मग त्या खाली गेल्या आणि मी वर. मग मी खाली, त्या वर. बोलता येत नव्हतं, उतरता येत नव्हतं, नजर चोरायला जागा नव्हती. मी नमस्कार केला. खरंच, त्या झोक्यात दांडा सोडून मी वाकून नमस्कार करायला गेले आणि कपाळ आपटून घेतलं. समोर मामींना हसू फुटलं. मग मलाही. पुढचे सगळे झोके आम्ही एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की शेजारच्या मुलींनी आमच्याकडे बघायचं सोडून दिलं.

खाली उतरल्यावर मामींनी माझा दंड धरला आणि मला आइसक्रीमच्या गाडीमागे नेलं.

"मने! तू कामून आलीस इथं?"

"मामी, तुमी?"

"आधी तू सांग."

"पाळण्यात बसायला."

"एकटीच?"

"एकटीच."

"नवऱ्याशी भांडलीस?"

"न्हाई हो."

"खरं सांग. मी कुणाला न्हाई सांगायची."

"खरंच न्हाई. आता तुमी सांगा."

मामींनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मी गंगाखेडला हाय."

मला कळायला वेळ लागला. सेलूच्या घरी सगळ्यांना माहीत होतं, की मामी दर गुरुवारी सकाळच्या गाडीनं गंगाखेडला जातात, गंगेत, म्हणजे गोदावरीत, आंघोळ करतात, देवदर्शन करतात आणि संध्याकाळी परत येतात. त्या जातात, हे खरं होतं. फक्त परभणीला उतरून गाडी बदलताना गंगाखेडची न धरता पिंगळीची धरतात.

"कधीपासून?"

"मागच्या दिवाळीपासून."

आम्ही भूतबंगल्याच्या मागच्या ओट्यावर बसलो. बाहेरचं खाणं आत आणायला आता बंदी आहे. मामींनी मफलरच्या घडीतून धपाटे काढले, तिळाची चटणी काढली, आणि दह्याची छोटी बरणी कुठून काढली ते मी विचारलं नाही.

"तुला आठवतंय का, तुमाला आणायची मी तवा कुठं बसायची?" मामींनी विचारलं.

मला आठवलं. लिंबाच्या झाडाखालच्या बाकावर. आमच्या पिशव्या, चपला, ओले कपडे, पाण्याच्या बाटल्या यांच्या राशीत. आम्ही धावत यायचो, पाणी प्यायचो, पळून जायचो.

"तुम्ही कधीच बसला नव्हता पाळण्यात?"

"पिशव्या कुणी सांभाळाव्या?" त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं. "आन मागच्या दिवाळीला संतोषच्या लेकरांला घेऊन आले. बाकाकडं निघाले तर सून म्हणली, आई, तिकडं नका जाऊ, आता लॉकर केलेत. पिशव्या आत, किल्ली हातात. मी उभीच. मला काही कामच न्हाई! लेकरं म्हणली, आजी, चल की. गेले. नावंत बसले. मने, काय सांगू तुला, पोटात असं झालं..." त्यांनी हात पोटावर ठेवला आणि डोळे मोठे केले. "तवापासून दम निघंना."

"घरी सांगायचं ना मग."

"काय सांगू? तुझे मामा, सून, गल्ली... कीर्तनकार रामदासी बुवांची लेक मी, पाळण्यात बसायला जाते म्हणू? आन संतोष कसा हाय माहीत हाय ना तुला."

मला माहीत होतं. संतोष म्हणजे त्यांचा मुलगा, माझा मामेभाऊ, सेलूच्या शाळेत गणिताचा शिक्षक. लहानपणी पत्त्यांत आम्ही चोऱ्या करायचो तेव्हा हा स्वतःची पानं दाखवून टाकायचा. आता तर रस्ता ओलांडतानाही आईचा हात धरतो.

"पण मामी, नावेपाशी फलक आहे. साठच्या वर..."

"मला अठ्ठावन्नावं हाय," मामी म्हणाल्या. "माझ्या वर्षाच्या पासवर लिवलंय. मागच्या दिवाळीपासून मला अठ्ठावन्नावंच चालू हाय."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"रोज चाला म्हणतात. इथं लय चालणं होतंय."

मी एकटीनं बाग बघायला आले होते, ते तिथं संपलं, आणि मला जराही वाईट वाटलं नाही. पुढचे दोन तास मामींनी मला माझीच बाग दाखवली. ब्रेकडान्सच्या कुठल्या डब्याला जास्त गिरक्या बसतात, आगगाडीत शेवटच्या डब्यात का बसायचं, डायनासोर कुठल्या बाजूनं गेलं तर ओरडत नाही. हत्तीचं काय झालं तेही त्यांनाच माहीत होतं. सोंड तुटली म्हणून त्याला मागच्या बाजूला नेऊन ठेवलंय आणि त्याच्या पोटात आता माळी खुरपी ठेवतो. आम्ही जाऊन त्याला भेटून आलो. रंग उडाला होता, पण गुलाबी होता.

शेवटी आकाशपाळणा. पाळणा चालवणारे रहीमभाई मामींना बघून उभे राहिले. "आओ अम्मा. आज दो जने?"

"हाव. भाची हाय माझी."

पाळणा वर चढला. वरून काळं रान, मध्ये तुरीचे पिवळे पट्टे, पिंगळीचं स्टेशन, रुळांची रेघ. मामी बोट करून सांगत होत्या, इकडं पूर्णा, तिकडं परभणी, त्याच्या पलीकडं आपलं सेलू. आमचा डबा अगदी माथ्यावर असताना पाळणा थांबला, खाली माणसं चढत होती. तेवढ्यात फाटकातून शाळेची पोरं आत शिरली. निळे गणवेश, रांगा, शिट्टी. आणि रांगेच्या पुढे, हातात शिट्टी धरून, संतोष.

"अगं बाई," मामी म्हणाल्या. "हे तर औंढ्याला गेले होते सहलीला!"

गेले होतेच. परत येताना पोरांनी हट्ट धरला आणि सरांनी गाडी वळवली, हे आम्हाला नंतर कळलं. मामींनी मफलर डोळ्यांपर्यंत ओढला. आणि त्यांच्या पिशवीत फोन वाजला.

"तोच हाय. उचलू का?"

"नका उचलू."

"न्हाई उचलला तर घाबरतोय तो." त्यांनी उचलला. फोनचा आवाज त्या नेहमी मोठा ठेवतात, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं.

"आई, कुठंयस?"

"गंगाखेडला."

"जेवलीस का? आंघोळ झाली?"

"झाली की. पाणी लय गार होतं."

खाली संतोष फोन कानाला लावून फेऱ्या मारत होता. तो क्षणभर थांबला. "आई, तिथं गाणं लागलंय का?"

"हाव. कुणाचं तरी लग्न हाय घाटावर."

"इथं बी तेच लागलंय."

मामींनी माझ्याकडे बघितलं. आणि त्याच वेळी बागेतल्या कर्ण्यावरून घोषणा झाली: सेलूहून आलेल्या विद्यार्थ्यांनी आपले डबे लॉकरमध्ये ठेवावेत. ती घोषणा संतोषनं आधी कर्ण्यातून ऐकली आणि लगोलग फोनमधून. त्यानं फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडे बघितलं, आणि हळूहळू मान वर केली.

त्याच्या आधी एका दोन वेण्यांच्या मुलीनं बघितलं होतं. "सर! सर! तुमची आई पाळण्यात हाय!"

पाळणा सुरू झाला. आम्ही खाली येत होतो आणि सगळी शाळा खालून टाळ्या वाजवत होती. मामींनी मफलर सोडला, पदर सारखा केला आणि पोरांना हात केला. मी त्यांच्या मागे लपायचा प्रयत्न केला, पण डबा उघडा होता.

संतोष दारातच उभा होता. चेहरा पांढरा पडलेला.

"आई, हे काय हाय?"

"पाळणा हाय."

"मला काय सांगितलं होतंस तू? आन मने, तू? तू कधी आलीस?" माझ्या उत्तराची त्यानं वाट बघितली नाही. "या वयात, आई! एकटी! चक्कर आली असती, पडली असतीस, तर मला कुणी फोन केला असता? मी गंगाखेडला शोधत बसलो असतो तुला. घाटावर!"

हे शेवटचं म्हणताना त्याचा आवाज फुटला. मामींचं हसू गेलं.

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस का?" त्यांनी हळू विचारलं.

संतोषनं विचार केला. खोटं बोलणं त्याला येतच नाही. "न्हाई," तो म्हणाला.

गर्दी बघून बागेचा मॅनेजर तिथं आला होता. गळ्यात ओळखपत्र, तरुण, अदबीचा. 'या वयात' हे त्यानं नेमकं ऐकलं होतं. "काकू, जरा पास बघू का?" त्यानं पास बघितला. "अठ्ठावन्न. बरोबर आहे ना सर?"

त्यानं संतोषला विचारलं होतं. वेण्यांची मुलगी मैत्रिणीच्या कानात कुजबुजली, पण ऐकू सगळ्यांना आलं: "अठ्ठावन्न? मंग सर जन्मले तवा..." आणि तिची बोटं हिशेब करायला लागली. आई आणि मुलाच्या वयांची उदाहरणं सरांनीच घोटून घेतलेली असणार. संतोषनं आईकडे बघितलं. आईचा चेहरा त्यानं असा कधी बघितला नसावा. मीही नव्हता बघितला. शिक्षा होणार हे कळलेल्या लहान मुलीसारखा.

संतोषनं घसा साफ केला. "अठ्ठा..."

"सहासष्ट," मामी मोठ्यानं म्हणाल्या. "सहासष्ट हाय माझं वय. अठ्ठावन्न मीच लिवायला लावलं. ह्याला काही विचारू नका. पोरं बघायलीत त्याची."

मॅनेजर अवघडला. त्यानं खिशातून पेन काढलं. "काकू, मग नाव आणि ब्रेकडान्स बंद करावं लागेल. नियम आहे. राग मानू नका." त्यानं पासवर दोन रेघा मारल्या.

मामी त्या रेघांकडे बघत राहिल्या.

"बरं," त्या शेवटी म्हणाल्या. "पाळणा?"

"पालने को उमर नै रैती अम्मा," रहीमभाई मागून म्हणाले. मॅनेजरनं मान हलवली.

"मंग चल," मामी संतोषला म्हणाल्या.

"मी?"

"तूच. सातवीत बसला होतास, वर गेल्यावर रडलास, तवापासून बसला न्हाईस. चल."

"आई, पोरं..."

पण पोरांनीच 'सर, सर' असा गजर सुरू केला. संतोष शिट्टीसकट डब्यात बसला. पहिल्या फेरीत तो आम्हाला दिसलाच नाही, इतका वाकला होता. दुसऱ्या फेरीत त्यानं डोळे उघडले. मामी त्याला बोट करून काहीतरी दाखवत होत्या, बहुतेक सेलू. तिसऱ्या फेरीत तो वरून पोरांना हात करत होता, आणि पाळणा थांबला तेव्हा रहीमभाईंना म्हणाला, "आणखी एकदा होतंय का?"

नंतर मामी मला नावेपाशी घेऊन गेल्या. मी म्हटलं, तुम्ही नाही तर मीही नाही बसत.

"येडी हायस का? बस. हात वर ठेव. माझ्या वाटचं बी तूच वरड."

मी बसले. मामी कठड्याला धरून खाली उभ्या होत्या, शेजारी संतोष. दर झोक्याला त्या ओरडायच्या, "हात! हात वर!" मी इतकी ओरडले की घसा बसला. अजून पुरता सुटलेला नाही.

शुक्रवार, सेलू

अर्थात मला सेलूला जावंच लागलं. गुरुवारी संध्याकाळीच, शाळेच्या गाडीतून. वाटेत लॉजसमोर गाडी थांबवून माझी बॅग घेतली. गाडीतल्या साऱ्या पोरांच्या देखत मॅनेजर म्हणाला, "एक बी नातेवाईक न्हाई म्हणला होता ना तुमी!"

सकाळी सगळे स्वयंपाकघरात बसलो होतो. वहिनी, म्हणजे संतोषची बायको, गरम धपाटे काढत होती. तिला रात्रीच सगळं कळलं होतं आणि ती तव्याकडे तोंड करून हसत होती. राहिले होते ते मामा. कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, फार न बोलणारे. कानातलं यंत्र बसवून ते पाटावर आले आणि दर शुक्रवारी विचारत असतील तसं त्यांनी विचारलं, "गंगेला पाणी किती होतं?"

संतोषनं ताटात बघितलं. मामींनी हातातली वाटी खाली ठेवली.

"गंगाखेडला गेलेच न्हवते मी. पिंगळीला गेले होते. नवलबागेत. पाळण्यात बसायला."

मामांनी यंत्र जरा दाबलं. "काल?"

"दर गुरुवारी."

"आन पेढे? प्रसादाचे?"

"परभणी स्टेशनवरचे."

मामा अर्धं ताट तसंच ठेवून, हात धुऊन आतल्या खोलीत गेले. कपाटाचं दार वाजलं. मामींनी माझा हात घट्ट धरला. वहिनीनं गॅस बारीक केला. संतोष उठून उभा राहिला.

मामा बाहेर आले ते धुतलेला शर्ट, लोकरीची टोपी आणि हातात काठी घेऊन.

"चल," ते मामींना म्हणाले.

"कुठं?"

"बघू तर दे, काय हाय ते."

"अवो, आज शुक्रवार हाय. मी गुरुवारी जात असते."

"गुरुवार लय लांब हाय," मामा म्हणाले, आणि दारात बसून पायात चपला सरकवायला लागले.